पेनड्राइव्हवरची निळी पट्टी

वडलांनी स्वतःच्या मरणाची दवंडी स्वतःच रेकॉर्ड करून ठेवली होती आणि ती मी पुसली. चोर आला नाही, आग लागली नाही. मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस टाकत होतो.

आमचं गाव कर्जत तालुक्यात. गावात काहीही सांगायचं असलं की मारुतीच्या देवळातल्या माईकवरून सांगतात. रेशन आलंय, नळाला पाणी सुटणार, कुणाची शेळी हरवली, कोण गेलं. चाळीस वर्षं हे सगळं आमचे वडीलच सांगायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आणि पुढं पुढं सगळा गावच म्हणायला लागला. मयताची बातमी सांगायची त्यांची एक रीत होती. आधी खाकरायचे, मग नाव दोनदा, अंत्यविधीची वेळ तीनदा. त्यांनी सांगितल्याशिवाय माणूस गेला असं गावाला वाटायचंच नाही.

मग घशाचा कॅन्सर निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात दादांनी मला मोबाईल घेऊन देवळात बोलावलं.

"सगळ्यांचं मी सांगितलं. माझं दुसऱ्यानं सांगितलेलं मला चालायचं न्हाई. कर चालू."

आणि खाकरून त्यांनी स्वतःचं नाव दोनदा घेतलं. म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या मौती सांगणारा हा माणूस आज गेला हाय. चहापानी उरकून निवांत या, मी कुठं पळून जात न्हाई. वेळ आता माझा पोरगा सांगंल." मी रडत होतो आणि हसतही होतो. ते रेकॉर्डिंग मी देवळाच्या पेनड्राइव्हवर टाकलं, कारण तिथल्या मशीनला तोच लागायचा.

आईला ऐकवायला गेलो तर ती अंगावरच आली. "जिता माणूस हाय अजून! ह्या घरात ते वाजवायचं न्हाई. ज्या दिवशी ऐकायचं त्या दिवशी ऐकीन मी."

ऑपरेशन झालं. दादा पाटीवर लिहून बोलायला लागले. सहा-सात महिन्यांनी त्यांनी लिहिलं, "पेनड्राइव्ह गावभर फिरतो. माझं घरी उतरवून घे." बरोबरच होतं त्यांचं. देवळाचा पेनड्राइव्ह म्हणजे सार्वजनिक चीज. काकड्याला देवळात, दुपारी कुणाच्या ट्रॅक्टरच्या टेपात, लग्न असलं की मांडवात. मी तो आणून कॉम्प्युटरला लावला तर प्रत्येक फोल्डरवर छोटा बाण, आणि उघडायला गेलं की काहीच नाही. व्हायरस! आमच्या कॉम्प्युटरमधल्या अँटिव्हायरसची मुदत कधीच संपलेली. मी नवा विकत घेतला.

तो काही केल्या बसेना. अर्ध्यावर यायचा आणि सांगायचा, आधीचा अँटिव्हायरस काढा. काढला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. परत तेच. अरे काढला की बाबा, किती वेळा काढू! मदतीच्या नंबरावर फोन लावला तर वाजंत्री ऐकवून ऐकवून कान किटवले, आणि मग एक बाई हिंदीतून सांगायला लागल्या. म्हणाल्या, जुन्याचे अवशेष आत राहिलेत, ते काढायचं वेगळं साधन असतं. ते उतरवून घ्यायला मोबाईलचं नेट, आणि नेट मिळायला मी जिन्यात उभा. तीन दिवस हेच चाललं होतं. दादा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि अधूनमधून पाटी पुढं करायचे, "झालं?" मी खेकसायचो, "होतंय, दम धरा!" त्या खेकसण्याची आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी एकदाचा बसला. पेनड्राइव्ह तपासायला लावला तर लाल अक्षरांत ही भली मोठी यादी आली, आणि खाली बटण, सगळे काढून टाका. मी दाबलं. पेनड्राइव्ह उघडला तर आत काही नाही. एक फोल्डर नाही.

पण त्याच्या चित्राखालची निळी पट्टी मात्र अर्ध्याहून जास्त भरलेली. आत काही नाही आणि जागा तर भरलेली! मला वाटलं, व्हायरसच दडून बसलाय मेला. रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये आहेच अशी माझी खात्री होती. त्यात सप्ताह बसणार होता, मंडळी दारात येऊन उभी, "पेनड्राइव्ह द्या, भजनं भरायचीत." मी फॉर्मेट मारला. पट्टी पांढरी झाली तेव्हा बरं वाटलं मला. वर गच्च भजनं भरून दिली.

मग मोबाईल उघडला. रेकॉर्डिंग नव्हतं. दवाखान्यात रिपोर्टांचे फोटो मावेनात म्हणून जागा करायला मीच एकेक पुसत गेलो होतो, त्यात तेही गेलं होतं.

सप्ताह उठल्यावर, रेकॉर्डिंग काढून आणतो एवढंच दादांना सांगून, पेनड्राइव्ह घेऊन कर्जतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"फायली कुठं गेल्या नव्हत्या हो. हा व्हायरस खऱ्या फायली लपवतो आन वर खोटे बाण ठेवतो. अँटिव्हायरसनं बाण काढले. निळी पट्टी भरल्याली म्हणजे त्याच फायली. लपलेलं दाखव म्हणून एक खूण करायची, समदं समोर आलं आसतं."

"आता?"

"वर काय भरलं?"

"भजनं. गच्च."

त्यानं तरी दिवसभर खटपट केली. संध्याकाळी पेनड्राइव्ह नुसता माझ्या हातात ठेवला. मी स्टँडवर बसून राहिलो, दोन गाड्या गेल्या. स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी पोचलो तर दादा ओट्यावरच होते. पाटीवर आधीच लिहून ठेवलेलं, "निघालं?"

"निघालं," मी म्हणालो. "एकदम साफ वाजतंय."

त्यांनी पुसून लिहिलं, "लाव. ऐकतो."

मी आत बोट दाखवलं. "आई घरात हाय. तिला चालायचं न्हाई." दादा आवाज न करता हसले, मान डोलावली आणि पाटी पालथी घातली. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

ते गेले एका सकाळी. मी देवळात गेलो, माईक चालू केला. खाकरलो. नाव दोनदा घेतलं. वेळ तीनदा सांगितली. पायरीवरची दोन-चार माणसं माझ्याकडं बघत होती.

घरी आलो. बायका जमल्या होत्या. आई दादांच्या उशाशी बसली होती. तिनं कानावरचा पदर मागं सारलेला, तोंड देवळाच्या दिशेला.

"वेळ सांगितलीस ती ऐकली मी," ती म्हणाली. "आता त्यांचं लाव."