दीड इंच जास्तीचं दार

एका सोमवारी सकाळी ताई स्वतःच्याच बाथरूममध्ये दीड तास अडकून पडली, आणि तो सगळा आठवडा तिनं त्या बाथरूमच्या दाराशी भांडण्यात घालवला. मी तिचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्या आठवड्यात मी बहुतेक वेळ काहीतरी धरून उभा होतो, त्यामुळे झालं ते सगळं जवळून पाहिलं. मला लिहायची सवय नाही. जमेल तसं सांगतो.

ताई एकाहत्तर वर्षांची आहे. भाऊजी गेले तेव्हा तिचा मुलगा सातवीत होता. तेव्हापासून ती शाळेचे गणवेश शिवते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी पायाचं मशीन, दारामागे कापडाचे ताके. सुईत दोरा ती अजून चष्म्याशिवाय ओवते आणि मी ओवायला गेलो तर हातातून काढून घेते. तिनं शिवलेला शर्ट दोन वर्षं पुरतो, कारण शिवणीच्या आत ती भरपूर कापड ठेवते. शिंपी त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की त्याची आई ती शिवण उसवते आणि शर्ट मोठा होतो. जास्तीचं केव्हाही कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही, असं ताई म्हणते. गणवेशाच्या बाबतीत ते खरंही आहे.

बाथरूमचं दार लाकडी होतं. पाण्यानं खालून कुजलेलं, फुगलेलं. त्या सोमवारी तिनं ते आतून ढकलून लावलं आणि चौकटीत असं रुतलं की उघडेना. ताईनं मूठ ओढली, तर मूठच हातात आली. मग ती तांब्यानं दार बडवत बसली. दीड तासानं समोरच्या वहिनींना ऐकू गेलं. त्यांनी मला फोन केला, आणि आम्ही दोघांनी खांदा लावून दार ढकललं. ताई उलट्या बादलीवर टॉवेल गुंडाळून बसली होती. आम्हाला पाहून पहिलं वाक्य काय, तर वहिनींना म्हणाली, “दीड तास कोण आंघोळ करतं हो? तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

वहिनींना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी दुपारीच ताईच्या मुलाला फोन केला. दीड तासाचे तीन तास झाले, आणि ताई बेशुद्ध होता होता राहिली असंही झालं. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असतो.

“आई, बास झालं आता. रविवारी येतोय. सामान बांधून ठेव.”

“आणि माझं मशीन?”

“मशीन कशाला? आता काय शिवायचंय तुला? तुझी खोली रंगवून ठेवलीय.”

ताईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. “रंगवून ठेवलीय म्हणे. मला काय भिंतीवर टांगणार आहे?”

पण ती घाबरली होती. भाचा वाईट नाही, तेच अवघड होतं. वाईट असता तर त्याला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. रविवारी तो आला आणि दार तसंच दिसलं, तर ताईकडे बोलायला काही उरणार नव्हतं. तिनं लगेच सुताराला फोन केला. सुतार म्हणाला, उद्या सकाळी दहाला येतो. मंगळवारी तो आला नाही. बुधवारी फोनवर म्हणाला, “निघालोच आहे.” दुपारी दोनपर्यंत तो निघतच होता. अडीचला ताईनं माझ्या घरी फोन केला.

“स्क्रूड्रायव्हर आहे का तुझ्याकडे?”

“आहे बहुतेक.”

“बहुतेक नको. शोध आणि ये.”

माझ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बोथट झालेलं होतं. बिजागऱ्यांचे स्क्रू कधीतरी रंगात बुडून गेले होते. ताईनं मशीनच्या पेटीतली टाके उसवायची सळई आणली आणि एकेका स्क्रूच्या खाचेतला रंग कोरून काढला. नऊ स्क्रू होते. पाच निघाले. तीन स्क्रूंची खाच आम्ही फिरवून फिरवून अशी गुळगुळीत केली की स्क्रूड्रायव्हर नुसता गरगर फिरायचा. नववा अर्धा निघाला आणि मोडला.

“दाबून धर ना जरा!”

“दाबूनच धरलंय.”

“याला दाबणं म्हणतात? दाराला कुरवाळतोयस नुसता.”

शेवटी तिनं फटीत पहार घातली आणि बिजागऱ्या लाकडासकट उपटल्या. दार सुटलं ते माझ्या पायाच्या अंगठ्यावर. मी ओरडलो. ती म्हणाली, “धरायला सांगितलं होतं.” अंगठ्याचं नख दुसऱ्या दिवशी जांभळं झालं.

गुरुवारी आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मी लंगडत. दुकानदार पन्नाशीचा, कानाला पेन्सिल. त्यानं ताईला पाहिलं आणि म्हणाला, “आजी, माणूस पाठवू का?”

“माणूस नको. दार दे.”

बाथरूमसाठी हलकं दार मिळतं, पाण्यानं न फुगणारं. ते त्यानं दाखवलं. उंची ठरलेली होती, रुंदी सांगाल तशी बनवून देतो म्हणाला. ताईनं पर्समधून शिवणाची टेप काढली, सवयीनं गळ्यात अडकवली आणि रुंदी सांगितली. घरी चौकट मोजली तेव्हा मी शेजारीच होतो. तिनं सांगितलेला आकडा त्याहून दीड इंच जास्त होता. मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं. बाहेर आल्यावर हळूच विचारलं.

“दोन्हीकडून पाऊण पाऊण इंच जास्त धरलंय,” ती म्हणाली. “कमी पडलं तर काय करशील?”

दुकानदारानं मागून ऐकलं असावं. “आजी, दार काही वाढत नाही हं.”

“आधीचं वाढलं म्हणून तर तुझ्या दुकानात आलेय.”

त्यानं कानावरची पेन्सिल काढून तोच आकडा लिहून घेतला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

शुक्रवारी दार आलं. चौकटीला लावून पाहिलं, तर अर्थातच दीड इंचानं बाहेर. ताईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं पट्टी ठेवून कपड्यावर आखायच्या खडूनं सरळ रेघ मारली आणि करवत घेतली. मी म्हटलं, “दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापू या का?”

“एकाच बाजूनं कापू. दोनदा कशाला मरायचं?”

साडेसहा फूट उभं कापायचं होतं. मी दहा मिनिटं करवत ओढायचो, मग ती दहा मिनिटं. करवत दर हातभर गेल्यावर वाकडी व्हायची आणि ती मला रागवायची. करवत तिच्या हातात असताना वाकडी झाली, तर ती करवतीला रागवायची. कापडाची कात्री कशी सुळकन जाते! इथं खांदे भरून आले, तळहाताला फोड आला. चार तास लागले. सगळ्या घरात पांढरा भुसा. मशीनवर टाकलेल्या चादरीवरसुद्धा.

कापलेली पट्टी खाली पडली आणि मला तिच्यात लाकूड दिसलं. कडेनं वरपासून खालपर्यंत भरीव लाकडाची पट्टी. मी दाराकडे पाहिलं. त्या बाजूनं दार आता पोकळ होतं. आत हात घालता येईल इतकं.

“ताई, हे दार आतून रिकामं असतं वाटतं. फक्त कडेला लाकूड असतं. स्क्रू धरायला.”

“मग?”

“ते लाकूड आपण कापून टाकलं.”

ती वाकून त्या फटीत बराच वेळ पाहत राहिली. शर्टात आत राखलेलं कापड शर्टाचंच असतं. इथं तिनं कापून टाकलेल्या दीड इंचात दाराचा कणाच गेला होता. “हे मला कुणी सांगितलं का?” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “तुला माहीत होतं?” मला खरंच माहीत नव्हतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मलाच अपराधी वाटलं.

शनिवार सगळा त्या पोकळ कडेला बिजागऱ्या बसवण्यात गेला. आधी नुसते स्क्रू घातले. दार टांगलं, हात सोडला, दार खाली. मग स्क्रूच्या भोकांत आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरला. तीन तास वाळू दिलं. दार टांगलं. उभं राहिलं. ताईनं एकदा उघडलं, एकदा लावलं. तिसऱ्यांदा उघडताना वरची बिजागरी काड्यांसकट बाहेर आली. मग आत कापडाचे बोळे कोंबून पाहिले. ते मला तेव्हाही चुकीचं वाटलं होतं, पण मी बोळे कोंबत राहिलो.

संध्याकाळी चौथ्यांदा दार कलंडलं, तेव्हा ताईनं स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकून मारला. मी तिला असं काही फेकताना लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “आज तरी पडदा लावू या. तू सुंदर शिवशील.”

ती अशी चिडली की मला पळून जावंसं वाटलं. “पडदा? म्हणजे तो येऊन बघेल की आईला एक दार लावता आलं नाही, म्हणून तिनं चिंधी टांगली! जा तू घरी.”

मी गेलो.

रविवारी सकाळी सहाला फोन. “ये लवकर. दार उलटं करायचंय.”

“म्हणजे?”

“शर्टाची कॉलर झिजली की काढून उलटी लावतो की नाही? झिजलेली बाजू आत जाते, चांगली वर येते. ये म्हणते ना!”

गेल्यावर पाहिलं, तेव्हा कळलं. दाराची दुसरी कड शाबूत होती, लाकडासकट. डोकं खाली, पाय वर असं दार फिरवलं की ती कड बिजागऱ्यांच्या बाजूला येत होती. शनिवारभर दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. दाराखाली जुन्या वह्या सारून ते उचलून धरलं आणि ताईनं स्क्रू पिळले. या खेपेला ते लाकडात शिरताना करकर आवाज करत होते. साडेअकराला मी वह्या काढल्या. दार पडलं नाही. ताईनं ते वीसेक वेळा उघडून लावलं. पण हसली नाही. कारण कडी राहिली होती, आणि कडी आता पोकळ बाजूला आली होती.

बाराला भाचा आला. दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. बॅगा खाली ठेवून तो सरळ बाथरूमकडे गेला. दार लोटलं, ओढलं, वाकून बिजागऱ्या पाहिल्या.

“कडी कुठंय?”

“लावतेय.”

“आण इकडे. मामा, तुम्ही बसा जरा.”

मी आनंदानं बसलो. त्यानं मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावला. त्यात एक माणूस दोन मिनिटांत कडी लावून हसत होता. भाच्यानं तसंच केलं. स्क्रू आत गेला आणि गरगर फिरू लागला. त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला.

“त्याचं दार भरीव आहे,” ताई म्हणाली.

“आई, तू थांब जरा.”

“थांबलेच आहे. तुझंच चाललंय.”

दीड वाजला. त्यानं मोठे स्क्रू आणले, खालच्या दुकानातून कसलातरी डिंक आणला. अडीच वाजता कडी बसली आणि हात लावताच निघाली. तो ताईसारखाच चिडतो. आधी कान लाल होतात, मग बोलणं बंद. जेवायला बोलावलं तर “पाच मिनिटं” म्हणाला, आणि अर्धा तास आला नाही. सामान बांधायचा विषय निघायचा होता, पण तो निघायच्या आधी दर वेळी कडीच निघत होती. त्याची गाडी पाचची होती.

साडेतीनला ताई उठली. त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लोंबणारी कडी काढून टाकली.

“हे काय? होतच आलं होतं.”

“नाही होणार. मी एकटी राहते. कडी लावायची कुणासाठी?”

“आणि मी आलो की?”

“आत असलास की गाणं म्हण.”

त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. “आई, मी चेष्टा करत नाहीये. पुन्हा अडकलीस तर?”

“ढकलून बघ.”

त्यानं दार लावलं आणि एका बोटानं ढकललं. ते उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. मग खाली बसून खालची कड चौकटीला कुठं लागते का ते पाहिलं. कुठंच लागत नव्हती.

“अडकायला आधी ते कशाततरी रुतलं पाहिजे,” ताई म्हणाली. “यात आता रुतण्यासारखं काही ठेवलेलं नाही.”

मग त्यानं मोबाइलवर वेळ पाहिली, रिकाम्या बॅगा उचलल्या आणि एक दुसरीत कोंबली. “खोली रंगवलेली आहे,” तो म्हणाला. “ती राहील तशीच. पण पुढच्या वेळी काही झालं, तर समोरच्यांकडून कळायला नको. तू सांगायचंस.”

“सांगेन.”

“लगेच.”

“लगेच सांगेन म्हटलं ना.”

तो मला वाकून नमस्कार करून गेला. जिन्यात त्याची पावलं चिडकीच वाजत होती. ताई कठड्याशी उभी राहून तो खाली पोचेपर्यंत पाहत होती. मला वाटलं, आता तरी ती खूश असेल. राहत्या घरात राहिली, मशीन जागेवर राहिलं.

ती आत आली ती फणकाऱ्यानंच. “बघितलंस? चार तास बसला होता दारापाशी. दार चांगलं झालंय, असा एक शब्द तोंडातून निघाला नाही.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही म्हटलं नव्हतं.

“चांगलं झालंय,” मी म्हणालो.

“तू तर बोलूच नकोस,” ताई म्हणाली. “खालून अर्धा इंच फट दिसतेय.”