प्लांट चालू

दस्तगीर मुलाणी विद्यापीठात लागले तेव्हा तिथं विद्यापीठ नव्हतंच. भाजे गावाच्या पुढं डोंगराच्या उतारावर पत्र्याची एक शेड होती, सिमेंटची पोती होती आणि पाण्याचा एक टँकर होता. त्या टँकरवर त्यांची नेमणूक झाली. पुढं इमारती उठल्या, व्यवस्थापनाचे वर्ग भरू लागले, दीड हजार मुलंमुली वसतिगृहांत राहायला आली आणि दस्तगीर पाण्याचे सुपरवायझर झाले. वर झऱ्यावरच्या टाकीत किती पाणी आलं इथपासून खाली सांडपाणी कुठं गेलं इथपर्यंत सगळं त्यांच्याकडं. एकोणीस वर्षं ते रोज सकाळी तो उतार चढले आणि उतरले. आता सत्तावन्न सरून अठ्ठावन्नावं लागलं होतं. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखायचे. मुलं, शिपाई, प्राध्यापक सगळेच त्यांना चाचा म्हणत.

थकवा काही नुसत्या गुडघ्यांचा नव्हता. वसतिगृहांचं आणि मेसचं सांडपाणी साफ करायचा प्लांट आवाराच्या अगदी खालच्या टोकाला होता. टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर फिरला तरच ते पाणी साफ व्हायचं. तो ब्लोअर दिवाळीत बंद पडला. चाचांनी वर पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्रावर निरोप आला, की नवा ब्लोअर पुढच्या वर्षी घेऊ, तोवर रोजच्या रजिस्टरात खंड पडू देऊ नका. म्हणजे काय करा, ते कुणी उघड बोललं नाही. चाचांनीही विचारलं नाही. त्या दिवसापासून ते रोज तारीख घालून लिहायला लागले, ‘प्लांट चालू’. काळं पाणी तसंच ओढ्यात जात राहिलं.

ओढा खालच्या ठाकरवाडीतून जायचा. वाडीतला कोंडू विद्यापीठाच्या बागेत रोजंदारीवर होता. एका सकाळी तो गुलाबाच्या आळ्यात बसूनच म्हणाला, “चाचा, वड्याला लय वास मारतोय. गुरं तोंड लावंनात.”

“लिहिलंय वर, कोंडू.”

“मागल्या महिन्यात बी लिवलंय म्हनलावता.”

“परत लिहितो.”

कोंडूनं खुरपं परत उचललं. चाचांनी चौथं पत्र लिहिलं, आणि त्याच दिवशी रजिस्टरही भरलं.

फेब्रुवारीत कुलसचिव प्रदीप सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. प्रदीप सर माणूस वाईट नव्हता. चाचांच्या मुलीच्या लग्नात ते शेवटच्या पंगतीपर्यंत थांबले होते.

“चाचा, मलेशियातल्या एका विद्यापीठाची मंडळी येताहेत. आपल्याबरोबर करार करणार आहेत. त्यानिमित्त परिसंवाद ठेवलाय. इस्लामी मूल्यं आणि शाश्वत व्यवस्थापन, असा विषय आहे. त्यात पाच मिनिटं तुम्ही बोलायचं.”

“मी काय बोलणार, सर? मी दहावीसुद्धा नाही.”

“म्हणूनच तुम्ही. पाणी वाया घालवू नये असं तुमच्यात सांगितलंय ना? तेवढंच आपल्या शब्दांत सांगा. प्राध्यापक काय, बोलतातच.” मग त्यांनी एक कागद पुढं सरकवला. “आणि यावर सही लागेल तुमची. पाण्याचे प्रमुख म्हणून.”

कागदावर लिहिलं होतं, की आवारातलं शंभर टक्के सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरलं जातं.

“सर, ब्लोअर बंद आहे.”

“येणार आहे की तो. हे नुसतं फायलीसाठी.” प्रदीप सरांनी पेन पुढं केलं. “निवृत्तीनंतरच्या तुमच्या मुदतवाढीचा प्रस्तावही याच आठवड्यात वर पाठवतोय.”

त्यात धमकी नव्हती, ते खरंच पाठवणार होते. त्यामुळंच चाचांना नाही म्हणता येईना. “उद्या देतो,” म्हणून ते कागद घेऊन बाहेर पडले.

घर लोणावळ्याजवळ वलवणला होतं, दोन खोल्यांचं. चाचांचे वडील धरणावर पहारेकरी होते. डोळ्यांपुढं एवढा मोठा जलाशय, तरी ते नमाजाआधी वजू करायचे, हात-तोंड-पाय धुवायचे, ते एका लहान तांब्यात. लहानग्या दस्तगीरनं एकदा विचारलं होतं, की अब्बा, इतकं पाणी आहे तरी? वडील म्हणाले होते, “वाहत्या नदीकाठी बसलास तरी गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असं पैगंबरांनी सांगितलंय. पाणी आपलं नाही. आपल्याकडं ठेवायला दिलंय.” पाच मिनिटं बोलायला एवढं पुष्कळ होतं. पण सहीचं काय?

त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. खैरून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “अहो, रजिस्टरात रोज लिहिताच ना चालू म्हणून? मग ही एक सही एवढी का जड झाली?”

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. तीन महिने आपण जे रोज लिहिलं ते आज पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला वाचून दाखवलं, असं चाचांना वाटलं.

सही त्यांनी केली नाही आणि ‘करत नाही’ असंही सांगितलं नाही. प्रदीप सरांनी दोनदा विचारलं. चाचा दोन्ही वेळा “ड्रॉवरमध्ये राहिला, सर,” म्हणाले. पाहुण्यांच्या गडबडीत ते तसंच राहून गेलं.

परिसंवादाला सभागृह भरलं. पडद्यावर सुंदर अक्षरांत शब्द येत होते. माणूस पृथ्वीचा मालक नाही, विश्वस्त आहे. व्यवसाय ही अमानत आहे, सांभाळायला दिलेली ठेव. उधळपट्टी हे पाप आहे. चाचा मागच्या रांगेत बसून ऐकत होते. यातला प्रत्येक शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेला होता, आणि आज प्रत्येक शब्दाला ते मनात शरमेनं खाली वाकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी वडिलांची आणि तांब्याची गोष्ट सांगितली. चैताली नावाची कामशेतची तरुण प्राध्यापिका ती इंग्रजीत सांगत गेली. टाळ्या झाल्या. त्या चाचांना नको होत्या.

दुपारी पाहुण्यांमधल्या डॉ. रोहाना यांना जोहरच्या नमाजाआधी वजू करायचा होता. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या बाई. चाचांनी त्यांना अतिथिगृहामागचा नळ दाखवला आणि ते पाठ करून लांब उभे राहिले. नळ बारीक सोडल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. बाई पुढं आल्या आणि चैतालीला काहीतरी म्हणाल्या.

“त्या विचारताहेत,” चैताली म्हणाली, “हे पाणी इथून कुठं जातं?”

प्रदीप सर समोरच्या व्हरांड्यात जेवणाची पानं बघत होते. त्यांनी आधीच सांगितलं होतं, कुणी विचारलंच तर म्हणा बागेला. चाचांच्या तोंडाशी ते आलंही होतं. पण समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरून वजूचं पाणी अजून निथळत होतं.

“त्यांना म्हणावं, चला. दाखवतो.”

“चाचा, नक्की?” चैतालीचा आवाज खाली गेला.

“नक्की काय असतं, पोरी? चल.”

उतार उतरायला दहा मिनिटं लागली. शेवटच्या वळणावरच वास आला. चाचांनी प्लांटचं दार उघडलं. ब्लोअरवर कोळ्यांची जाळी होती. टाकीत पाणी नुसतं साचलं होतं, वर काळसर साय धरलेली. दुसऱ्या बाजूच्या पाइपातून ते ओढ्यात पडत होतं.

“कधीपासून बंद आहे, विचारताहेत.”

“दिवाळीपासून.”

मग त्यांनी स्वतःहूनच खिळ्याला अडकवलेलं रजिस्टर काढून बाईंच्या हातात दिलं. चैताली पान उलटून वाचू लागली. प्लांट चालू. प्लांट चालू. चार ओळींनंतर ती थांबली.

“त्यांना सांग, हे अक्षर माझं आहे. आज मी जे तिकडं बोललो ते खरं होतं. हे खोटं आहे. दोन्ही मीच.”

चैतालीनं कसंबसं सांगितलं. डॉ. रोहाना यांनी आणखी दोन पानं उलटून पाहिली. त्यांनी शाबासकी दिली नाही, रागही दाखवला नाही. रजिस्टर परत खिळ्याला अडकवत त्या एवढंच म्हणाल्या, “आमच्याकडंही अशी रजिस्टरं आहेत.” मग त्या ओढ्याच्या काठापर्यंत गेल्या, खाली वाडीकडं पाहिलं आणि तिथं कोण राहतं ते विचारलं.

संध्याकाळी करारावर सह्या झाल्या नाहीत. पाहुण्यांनी मुदत मागून घेतली.

प्रदीप सर दुसऱ्या दिवशी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “चाचा, मला आधी सांगायचं तरी.”

“सांगितलं होतं, सर. चार वेळा.”

“असं नाही. हे असं करणार आहात म्हणून.”

“ते मलाही माहीत नव्हतं.”

त्या आठवड्यात चाचांची बदली अतिथिगृहाच्या भांडारात झाली. चादरी, उशा, टॉवेल मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. मुदतवाढीचा प्रस्ताव परत आला. पाण्याचं काम एका ठेकेदाराकडं गेलं आणि त्याचा विक्की नावाचा माणूस सुपरवायझर झाला. मेसमध्ये चाचा दिसले की काही लोक विषय बदलायचे. बाजारातल्या मशिदीत शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला कुणीतरी त्यांची पाठ थोपटून म्हणालं, वा मुलाणी, नाव काढलंत. चाचांना ते ऐकून जास्तच थकल्यासारखं झालं. नाव काढायला त्यांनी काही केलं नव्हतं. तीन महिने खोटं लिहिल्यावर एक दिवस खोटं बोलणं जमलं नाही, इतकंच झालं होतं.

ऑगस्टमध्ये नवा ब्लोअर आला. मलेशियाच्या विद्यापीठानं म्हणे पत्रात अट घातली होती, आधी प्लांट, मग करार. हे त्यांना प्रदीप सरांनी नाही, विक्कीनं सांगितलं. तो चादरी न्यायला आला होता. “एक नंबर चालतोय, चाचा. या एकदा बघायला.” चाचा गेले नाहीत.

ते गेले वाडीवर, निवृत्तीला आठवडा उरला असताना. अल्लाशी काही गुन्हा केला असेल तर त्याच्याजवळ माफी मागता येते. पण माणसाचा हक्क मारला तर त्या माणसानंच माफ करावं लागतं, तिथं दुसरा दरवाजा नाही, हे त्यांना लहानपणी शिकवलेलं होतं. इतके महिने ते पुढं ढकललं होतं.

कोंडू अंगणात नाचणीची कणसं झोडपत होता. चिंगीनं, त्याच्या बायकोनं, घोंगडं टाकलं. चाचांनी रजिस्टराचं सगळं सांगितलं.

कोंडू हातातली काठी खाली न ठेवता म्हणाला, “मला ठावं हुतं.”

“कसं?”

“तुमी वरनं येताना वड्याकडं बगायचं बंद क्येलंतं. पयलं रोज बगायचा.”

चाचा म्हणाले, “माफ कर, कोंडू.”

“माजं काय न्हाई गेलं. वास खाल्ला, झालं. महिपतीची म्हस गेली त्या पान्यानं. त्येला इचारा.”

महिपतीचं घर वाडीच्या वरच्या अंगाला होतं. तिथवर पोचायला चाचांना दोनदा बसावं लागलं. महिपती साठीचा, अबोल माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. गोठ्याकडं हात करून म्हणाला, “गाभण हुती, चाचा.”

चाचांनी गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्याकडं पाहिलं. मग महिपती म्हणाला, “तुमी चढून आला. माफ क्येलं म्हनतो. पर इसरायचं न्हाई व्हायचं.”

“विसरू नकोस,” चाचा म्हणाले.

“आता वड्याला पानी बरं हाय. पर उन्हाळ्यात वडा आटला की यिऊन बगा. तवा खरं कळंल.”

“येतो.”

महिपतीनं त्यांना उतरायला बाभळीची काठी दिली आणि वळणापर्यंत सोबत केली. मळवली स्टेशनात पोचेस्तोवर लोणावळ्याची गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीला वेळ होता. चाचा बाकावर बसले, चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिले.