सायलीच्या गोळ्यांची डबी

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझी सायली परवा रत्नागिरीहून पुण्याला कॉलेजला जातेय. आठव्या वर्षापासून तिला फिट्स येतात. गेली दहा वर्षं दोन्ही वेळच्या गोळ्या मीच तिच्या हातावर ठेवल्या. आज म्हटलं, "बाय, आता डबी तू भर."

तिने आठवड्याच्या गोळ्या भरल्या, मोबाईलवर गजर लावले. एकही चूक नाही. मग हॉस्टेलमधल्या रूममेटला फोन लावला.

"मला फिट आली तर घाबरू नकोस. कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस. पाच मिनिटांत थांबली नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. आणि आईला लगेच कळवू नकोस. बाबा मुंबईला असतात, ती घरात एकटीच असते."

मी चहा घेऊन दारातच थबकले.

फोन संपल्यावर म्हटलं, "घरी पहिला फोन मलाच यायला हवा."

"तू रडशील, आई."

"रडेन. पण फोन मलाच."

ती हो म्हणाली नाही. डबी बंद करून तिने बॅगेत ठेवली.

आता वाटतंय, याआधीही तिने माझ्यापासून काही लपवलं असेल का? मुलं आपल्याला असं जपायला लागली, की तुम्ही काय करता?