तीन कोंबड्या, पाच अंडी

“काकू, कडकनाथ कोंबड्या किती आहेत तुमच्याकडे?” देशपांडे सरांनी फाटकातूनच विचारलं.

“तीन.”

“मग आजची म्हणून पाच अंडी कशी दिलीत?”

सर नागपूरचे, इथे कॉलेजात शिकवतात. आजारातून उठलेल्या आईसाठी माझ्याकडून कडकनाथची अंडी नेत. मी म्हटलं, “अहो, खूश आहेत पोरी माझ्या!” ते हसले नाहीत.

“काकू, दुसरी अंडी कडकनाथची म्हणून देता का? खरं सांगा.”

राजेंद्र नगरात आमच्या मागच्या अंगणात बरीच वर्षं कोंबड्या आहेत. जे शिकले ते त्यांच्याकडूनच. लबाड असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पण सरांचं बरोबर होतं. एक कोंबडी दिवसाला एकाहून जास्त अंडी देत नाही, आणि कडकनाथ तर रोज एकही देत नाही.

आता रंगाचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबडीचं अंडं पांढरं. लाल ऱ्होड आयलंडचं तपकिरी. कडकनाथ आमच्या झाबुआकडची, पिसं काळी, मांससुद्धा काळं. पण अंडं दुधावरच्या साईच्या रंगाचं. काळं अंडं मागणारे लोक येतात, त्यांना परत पाठवते.

माझी पद्धत अशी, की सगळी अंडी एका टोपलीत गोळा करायची आणि स्वयंपाकघरात बसून रंगावरून तीन ट्रेमध्ये लावायची. गेले काही दिवस तपकिरी ट्रे रिकामाच राहत होता. मला वाटलं, लाल कोंबड्यांची पिसं झडायचे दिवस आलेत, तेव्हा अंडी थांबतातच. तिकडे साईच्या रंगाचा ट्रे भरत होता, मी आपली खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यासमोर स्टूल टाकून बसले. चार लाल कोंबड्यांतली सगळ्यांत जुनी लाली अंडी घालायच्या पेटीतून उठली. खाली अंडं, साईच्या रंगाचं. हातात घेतलं तर कवचाला सुरकुत्या. लाली मान लांब करून श्वास घेत होती, घर्र घर्र आवाज येत होता. लाल कोंबड्यांची अंडी थांबलीच नव्हती. फिकी पडली होती, आणि मी ती कडकनाथच्या ट्रेमध्ये लावत होते.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पहिलं हेच विचारलं, “अम्माजी, कोई नई मुर्गी लाए थे?”

“हो, हाटातून एक आणली.”

“अलग रखी थी?”

“नाही.” आणली तशी आत सोडली होती.

त्यांनी समजावलं. तपकिरी रंग कवचावर अगदी शेवटी चढतो, भिंतीला रंगाचा हात मारावा तसा. कोंबडी आजारी पडली की तो हात पातळ बसतो. हा श्वासाचा साथीचा आजार, त्यावर नेमकं औषध नाही. वेगळं ठेवा, ऊब द्या, पाणी द्या.

“लाली वाचेल ना?”

“उमर हो गई है उसकी. देखते हैं.”

त्याच दुपारी सरांच्या घरी जाऊन लालीच्या आजाराचं सगळं सांगितलं. म्हटलं, “लबाडी नव्हती, पण चूक माझीच.”

“आईला काही होणार नाही ना?”

“माणसाला होत नाही म्हणतात डॉक्टर. तरी अंडी बंद केलीत मी, सगळ्यांचीच.”

संध्याकाळी सर आले. बल्बखाली खोक्यात बसलेल्या लालीकडे बघत उभे राहिले. “काल जरा जास्तच बोललो,” म्हणाले.

“बोललात म्हणून मी स्टूल टाकून बसले, भिया.” इकडे आम्ही भावाला भियाच म्हणतो.

चौथ्या दिवशी लाली गेली. बाकीच्या तिघी लाल कोंबड्या वाचल्या. एकीच्या अंड्याला रंग परत आला, दोघींची अजून फिकीच आहेत.

आता अंडं गरम असतानाच त्यावर पेन्सिलीने कोंबडीचं नाव लिहिते. नवी कोंबडी महिनाभर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला राहते. सर परत अंडी नेतात, नावं वाचून.

“आज कडकनाथचं एकच?”

“एकच.”

रंगावरून जात कळते, पण पेटीतून कोण उठलं ते बघितल्याशिवाय मी आता नाव लिहीत नाही.