गाडीत आम्ही दोघंच

मला मत्सर करायला कारण लागत नाही, असं माझी बहीण म्हणते. खोटं आहे. कारण लागतं, आणि आमच्या ह्यांच्याशी संसार मांडला की ते रोज ताजं मिळतं.

हे जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी हिंगोली जिल्ह्यातच झाली, पण बदली सारखी ह्या गावातून त्या गावात. मी लेकरांच्या शाळेपायी हिंगोलीतच राहिले. हे शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी पेपर वाचत पडायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत मोटारसायकलला किक मारायचे. ह्या धावपळीत माझ्या वाट्याला जे बोलणं आलं ते 'सिलिंडर आणलं का' आणि 'पोराची फी भरली का' इतकंच. माणूस मुळात अबोल आहे, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. माझ्याशी बोलत नाही तसा कोणाशीच बोलत नसेल, ह्यात मला बरं वाटायचं.

रिटायर झाल्यावर ह्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तिचं घर करून घेतलं. सीटा काढून पलंग, एक बेसिन, दोन बर्नरची शेगडी, टपावर पाण्याची टाकी. बाहेरून पांढराशुभ्र रंग. कॅराव्हॅन म्हणायचं म्हणे. आमच्या गल्लीत तिला घरगाडी नाव पडलं. पडदे मी शिवले, निळ्या फुलांचे.

लांब जायच्या आधी जिल्ह्यातच फिरून पाहू, काही बिघडलं तर आपला माणूस जवळ आहे, असा ह्यांचा बेत. माझी ना नव्हती. मला गोवा नको होता, काश्मीर नको होतं. मला हा माणूस हवा होता. आठ दिवस, एकटा, माझ्यासमोर बसलेला. दार लावलं की ना फोन, ना शेजारी, ना पेपर. मग बोलल्याशिवाय जातो कुठे, असा माझा हिशेब होता.

पहिला मुक्काम आखाडा बाळापूरला. गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात, कडुनिंबाखाली गाडी लावली. सकाळी मी तोंडात ब्रश धरून, अंगावर गाऊन, केस मोकळे, अशी दार उघडते तर पायरीशी एक म्हैस. तिच्यामागं लंगडणारा बैल. त्याच्यामागं दोन शेळ्या, आणि त्या सगळ्यांची माणसं उकिडवी बसलेली. मी दार धाडकन लावून घेतलं.

बाहेरून आवाज आला, "सरकारनं आता गाडीच देली म्हणं डाक्टरसाबाला!"

"बराबर केलं. रिटायर झाले तरी सोडलं न्हाई."

पांढरी गाडी, टपावर टाकी, आत डॉक्टर. त्यांनी सरळ हिशेब केला होता की फिरता दवाखाना आला. मी गाऊनवर ओढणी टाकून बाहेर गेले आणि सांगितलं, हा दवाखाना नाही, हे आमचं घर आहे, आम्ही फिरायला निघालोय. म्हशीवाली बाई माझ्याकडं मोठ्या मायेनं बघत म्हणाली, "व्हय ना बाई, घरच हाय. पण डाक्टरसाब हायेत ना आत?"

साब आतच होते. बनियनवर उठले आणि पलंगाखाली वाकून एक बॅग ओढली. ती जुनी चामड्याची बॅग मी ओळखते. त्या जागी मी लाडवांचा डबा ठेवला होता. डबा सरकवून बॅग कधी आत गेली, मला पत्ता नव्हता. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. सहल माझ्याबरोबर आणि तयारी म्हशींची!

मग हा अबोल माणूस बोलायला लागला. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तिच्या मालकिणीला म्हणाला, "हिची माय बी अशीच होती, आठवते का? धार काढू देत नव्हती, निस्ती लाथ." बाई हसली, हेही हसले. मोठ्यानं हसले. ह्यांना म्हशीच्या आईचा स्वभाव आठवत होता. माझ्या आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तिचं नाव तरी आठवतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात मळ्याच्या मालकीणबाईंनी चहा आणला. मला वेगळा, ह्यांना वेगळा. "सायबाला आलं जास्तीचं लागतं, साखर नावाला." मी जन्मभर ह्यांना गोडमिट्ट चहा दिला, आणि ह्यांनी तो न कुरकुरता घोटला. नंतर गाडीत मी विचारलंच, "मला कधी सांगितलं नाही ते?"

"तू करायचीस तो पीत होतो की."

घ्या! ह्याला समंजसपणा म्हणायचा. मला त्या क्षणी तो सरळ परकेपणा वाटला. आपण परक्याच्या घरी जे मिळेल ते पितो.

त्या मळ्यात आम्ही दोन दिवस राहिलो. शेगडी पेटवायची सोय नव्हती, कारण आमच्या शिवारात येऊन पाहुण्यानं स्वतःची चूल पेटवायची म्हणजे आमच्या तोंडाला काळं, असं मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी ठणकावलं. दोन्ही वेळेला भाकरी, ठेचा, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. चव उत्तम होती, हे सांगताना आजही माझा जीव जळतो. मी डबे भरभरून आणलेला शिधा तसाच्या तसा पुढच्या गावाला निघाला.

पुढचं गाव जवळा बाजार. लग्नानंतरची ह्यांची पहिली नोकरी तिथली. गाडी लावली ती एका गादीवाल्याच्या घरामागच्या अंगणात. मुस्लिम कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारं. घरात सर्वांत मोठी एक म्हातारी, तिला सगळे अम्मा म्हणत. अम्मा गाडीत चढली, पलंगावरची फोमची गादी बोटानं दाबून पाहिली, आणि एखादं नासकं दूध हुंगावं तसं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. गाडी मुद्दाम मागं ठेवली, म्हणजे दवाखाना मागं राहील. पण नारळवाल्यानं ह्यांना दुरूनच हाक मारली. त्याच्या गाईचं वासरू ह्यांनी वाचवलं होतं, ते आता चार वेताची गाय झालं होतं. बेलपानवालीच्या नवऱ्याला ह्यांनी बैलाला नाल मारायला शिकवलं होतं. मंदिराच्या कोरीव भिंतीशी मी एकटी हत्ती मोजत उभी, आणि हे नारळवाल्याच्या पाटावर बसून गप्पा हाणतायत. दर्शनाच्या रांगेत मी देवाकडं काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही. जिल्ह्यातली जनावरं त्यात होती.

परत आलो तो बाजाराचा दिवस. हे बाजारात गेले. मी अम्माजवळ अंगणात बसले. आत पोरं गादीला टाके घालत होती. अम्मानं विचारलं, "बच्चे कितने?"

"दोन."

"और वो पयली?"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आमची पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. तिचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं. आमच्या घरात तिचा विषय निघत नाही. माझ्या आठवणीत हे हिंगोलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे आहेत, कोरड्या डोळ्यांनी डॉक्टरांशी बोलतायत, आणि पुढच्या सोमवारी ड्यूटीवर निघून गेलेत. त्या कोरड्या डोळ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

अम्मानं अंगणातल्या गोठ्याकडं बोट दाखवलं. "वां बैठे थे. हमारी बकरी अडी थी. पिल्लू निकाले, हात धोये, और फिर जो रोने लगे बेटी, बस रे बस. मेरे को बोले, अम्मा, नाक मेरे सरीकाच था उसका."

शहाण्या बाईला इथं रडू आलं असतं. चला, नवरा दगड नव्हता, म्हणून हायसं वाटलं असतं. मला मत्सर वाटला. त्या बोळक्या तोंडाच्या, माझ्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या म्हातारीचा असा मत्सर वाटला, की उठून गाडीत जाऊन दार लावून घ्यावं. ह्यांचं पहिलं दुःख तिनं पाहिलं. ते माझं होतं. ते नाक माझ्या पोटातून आलं होतं, आणि ते बापासारखं होतं हे त्या बापानं सांगितलं कोणाला, तर शेळीवालीला. बाळापूरच्या चहाचा राग मी गिळला असता. हे गिळता येईना.

बाजारातून हे पिशवीभर हिरवे हरभरे घेऊन आले. मी म्हटलं, "उद्या अशा ठिकाणी गाडी लावा जिथं तुमचं एकही गिऱ्हाईक नसेल."

"काय झालं?"

"काही नाही. निघायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धेश्वरला धरणाच्या पाण्यापासून थोडं वर, उघड्या माळावर गाडी लागली. आसपास कोणी नाही. लांब पाण्यात दोन होड्या, जाळी टाकणारे कोळी, एवढेच. अखेर मी माझी शेगडी पेटवली. मेथीची भाजी, भाकरी, दही, वर हरभऱ्याची उसळ. ताट वाढून समोर बसले. आठ दिवसांतला जो क्षण मला हवा होता तो हाच होता. हे जेवले. पाणी प्याले. "उसळ चांगली झाली," म्हणाले, आणि खिडकीतून धरणाकडं बघत बसले.

मग मीच विचारलं. सरळ. "पोरीबद्दल तुम्ही अम्माजवळ बोललात. तिच्यासमोर रडलात. माझ्याजवळ काहून नाही?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं बंद झालं. ताट उचलून बेसिनमध्ये ठेवलं. नळ सोडला, बंद केला. "आता काय त्याचं," म्हणाले. मग बाहेर जाऊन दाराशी ताणलेल्या ताडपत्रीची दोरी उगीच घट्ट करू लागले. ती मुळात घट्टच होती.

मला इतका संताप आला की भाकरीचा तवा भिरकावून द्यावा. गाडी विकून टाकावी, एसटी धरून घर गाठावं. बाळापूरच्या म्हशीला बोलणं मिळतं, औंढ्याच्या नारळवाल्याला मिळतं, जवळ्याच्या अम्माला तर रडणंही मिळतं. बायकोला 'उसळ चांगली झाली.' मी कोण आहे नेमकी ह्या माणसाची? घरची, एवढंच. आणि घरच्यांशी बोलायची ह्यांना कधी सवयच लागली नाही, शनिवार ते सोमवार कोणाला लागते.

हे दोरी सोडून पायरीवर येऊन बसले. उन्हं उतरायला लागली होती. मी मागच्या दारानं खाली उतरले, गाडीला वळसा घातला, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. रागाच्या भरात माणूस काहीही करतो. मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "रामराम डाक्टरसाब."

ह्यांनी वर पाहिलं. हसले. मी हसले नाही.

"बसू का जरासं? तकलीफ तर न्हाई ना?"

"काय चाललंय तुझं?"

"गाय आणली न्हाई, शेळी आणली न्हाई. निस्तीच आले. गाडी दिसली म्हणून." मी समोर मातीत बसले, ती सगळी माणसं बसायची तशी. "तुमाला पयली पोरगी होती म्हणं."

ह्यांनी पाण्याकडं तोंड फिरवलं. होड्या काठाला लागत होत्या. कोळी जाळी झटकत होते, त्याचा आवाज इथवर येत होता. मी उठणार होते. गुडघ्यावर हात टेकवलाही होता.

"होती ना बाई," हे म्हणाले. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. तो माझ्या घरात कधी आलेलाच नव्हता. "एवढुशी होती. एका हातात मावायची. डोळे उघडून पाहायची तर वाटायचं, काहीतरी विचारून राहिली."

"मग?"

"मग गेली. मीच नेलं तिला. कपड्यात गुंडाळून, हितं, छातीशी. वाटेत दोनदा वाटलं, हलली म्हणून. दोनदा कपडा सोडून पाहिलं."

हे मला माहीत नव्हतं. मातीत बोटं रुतवून मी बसून राहिले. समोरच्या ह्या अनोळखी बाईला ते मिळत होतं आणि मला कधी मिळालं नव्हतं. ती मीच असले तरी तिचाही मला मत्सर वाटला, खरं सांगते.

"तिच्या मायला सांगितलं का हे?" मी विचारलं.

ह्यांनी मान हलवली. "न्हाई. ती माझ्या तोंडाकडंच पाहून राहिली होती, दवाखान्यात. मीच रडत बसलो असतो तर तिनं कोणाकडं पाहावं?" धोतर नेसत असते तर त्याच्या सोग्यानं पुसले असते असे डोळे ह्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसले. "तुमी बी नका सांगू बाई तिला. दोनदा सोडून पाहिलं ते तर मुळीच नका सांगू. तिला झोप यायची न्हाई."

"न्हाई सांगत," मी म्हणाले.