हुसेनमिस्त्री आणि तेल पाजलेला पट्टा

बिघडलेली गाडी आली की हुसेनमिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. इंजिन सुरू ठेवायला सांगून समोर उकिडवे बसत आणि बिडी संपेपर्यंत नुसते ऐकत. कुणी घाई केली तर म्हणत, "तुमीच बोलून राहिले तर गाडीचं कोण ऐकंल?" वसमतला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मालकांशी ते अदबीने वागत, पण गाडीची हकिकत विचारत ती ड्रायव्हरला. त्या काळात ड्रायव्हरला काही विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी एका कापूस व्यापाऱ्याच्या मोटारीवर होतो. एका वर्षी दसऱ्यानंतर गाडीने नवीच खोड काढली. रस्त्याने पळताना थंड, पण उभ्या जागी इंजिन चालू ठेवलं की पाणी उकळायचं. एकदा तहसीलदारांच्या दारात वाफेचा असा फवारा उडाला की साहेबांची शेरवानी भिजली.

"मिस्त्रीकडं ने," मालक कडाडले. "तुझ्या हातून बिघडली असंल तर किल्ली ठेव आन् साखऱ्याला चालता हो!"

साखऱ्याला, माझ्या गावी, आईवडील, बायको, दोन लेकरं होती. विहिरीला जेमतेम पाणी असलेल्या रानात माझा पगार हेच काय ते खात्रीचं पीक.

मिस्त्रींनी बिडी संपवली. "चालताना तापती का उभी असताना?"

"उभी असताना, चाचा."

"मग पाण्याचं सोड, वारा पाहू. पळताना वारा फुकट भेटतो. उभ्या गाडीला पंख्याचाच आसरा."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल गाडीच्या जाळीपुढे धरला. पंखा बराबर फिरत असता तर रुमाल आत ओढला गेला असता. तो ढिम्म हलला नाही. इंजिन बंद करून त्यांनी पंख्याच्या चामडी पट्ट्यावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"करडीचं तेल? काहून लावलं?"

खंडेनवमीला मोटेच्या चामड्याला तेल पाजायचं, ही आमच्या घरची रीत. त्याच भक्तीने मी हा पट्टाही चोळून चोळून न्हाऊ घातला होता. मोटेचं चामडं मऊ हवं, पण पट्ट्याने पंख्याच्या चाकाला घट्ट धरायला हवं, एवढी अक्कल मला कुठली! तो नुसता घसरत होता.

"चाचा, मालकांना सांगू नका," मी हात जोडले.

चुलीतली राख चोळून त्यांनी पट्टा कोरडा केला, ताणून बसवला. इंजिन सुरू करताच रुमाल जाळीला चिकटला. संध्याकाळी मालक आले तेव्हा मिस्त्री त्यांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मालक मला एवढंच म्हणाले, "चल, घरी घे." चाचा माझ्यासाठी खोटं बोलले, असं मी धरून चाललो. त्यांच्या पदरी ते पाप घातल्याचं पुढे कितीतरी वर्षं मनाला लागून राहिलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात चाचा गेले. कब्रस्तानातून परतताना मला राहवेना. गाडी कडेला घेतली आणि मालकांना सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," मालक म्हणाले. "त्यांनी तवाच सांगितलं. म्हणले, याची चूक करून झाली, दुसरा ठेवाल तर तो नव्यानं करंल. आन् म्हणले, एका पट्ट्याला जो एवढी माया लावतो, त्याला गाडीवरून उतरवू नका."

मालकांसमोर मी कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो.