डॅशबोर्डावरची चार भोकं

लिफ्टकाकांची आणि विजेच्या गाडीची पहिली भेट झाली, तेव्हा काकांनी बॉनेट उघडलं, आत इंजिन नाही हे पाहिलं आणि शोरूममधल्या एकूण एक माणसाला चोर ठरवलं. त्या गर्जनेनं काचा थरथरल्या, भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे गेलं आणि दोन विक्रेते टेबलाखाली शिरले. पण गाडी चालवायला घेतली, ती हूं की चूं न करता सरकली, आणि अठ्ठावीस वर्षं बिघडलेल्या लिफ्टांची कुरकुर ऐकून कान किटलेला तो मेकॅनिक पहिल्याच वळणावर विरघळला.

गाडी तीन वर्षांच्या लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, घेतली. मग तिची बडदास्त सुरू झाली. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर चढू द्यायची नाही, विसाच्या खाली उतरू द्यायची नाही. काकू म्हणायच्या, "माझी बाळंतपणं झाली तेव्हा कुठे होता हो हा माणूस?"

काकांच्या धंद्याचा एक नियम आहे. ज्या यंत्राची देखभाल आपल्याकडे, त्याच्या आत देखभालीचं कार्ड लावायचं. तारीख, काम, सही. लिफ्टमध्ये ते पत्र्याच्या चौकटीत, चार स्क्रूंनी पक्कं बसवतात. काकांनी गाडीतही बसवलं. डॅशबोर्डावर. ड्रिलनं.

लीज संपायला दोन महिने उरले तेव्हा कंपनीचा तपासनीस आला. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत डोकं घातलं.

"बॅटरी बघा," काका छाती फुगवून म्हणाले. "नव्यासारखी आहे."

"आमच्या फॉर्मात बॅटरीचा रकाना नाही, काका."

"मग कसला आहे?"

"ओरखडे, डाग, भोकं. भोकं चार."

"अहो, त्या भोकांवरचं कार्ड तरी वाचा! तीन वर्षांत एक तारीख चुकलेली नाही!"

"गाडी परत केलीत तर डॅशबोर्ड तुमच्या खर्चानं बदलणार. विकत घ्यायची असेल तर मुदत संपायच्या तीस दिवस आधी लेखी कळवा. किंमत करारात आहे."

ती किंमत तीन वर्षांपूर्वीच छापलेली होती. तसलीच वापरलेली गाडी आता बाजारात त्याच्या पाऊण किमतीत मिळत होती. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं गाडी गाढवासारखी राबवली त्यालाही हाच भाव आणि ज्यानं जिवापाड जपली त्यालाही हाच?

"बाजारातली घ्या की," काकू म्हणाल्या.

"तिची बॅटरी कुठल्या गधड्यानं कशी वापरली, मला काय ठाऊक?"

"मग हीच घ्या."

"या भावात? मेलो तरी नाही!"

"मग परत करा."

"आणि भोकांचा दंड भरू?"

"मग दार लावून गाडीतच राहायला जा. डबा मी पोचवीन."

खरी गोष्ट काकूंना कळत होती. काकांना गाडी हवीच होती. काटकसर करून पैसेही बाजूला काढून ठेवले होते. फक्त देण्याआधी कंपनीनं एकदा, एकदाच म्हणायला हवं होतं, की गाडी उत्तम ठेवलीत.

काकांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तेव्हा एका बाईंचा फोन आला.

"सर, तुमच्या भावना आम्ही नोंदवून घेतल्या आहेत."

"माझ्या भावना गेल्या खड्ड्यात! बॅटरी नोंदवा!"

तिसऱ्या पत्रात कार्डाची नक्कल जोडली. चौथ्यात बॅटरीचा आलेख काढला, लाल शाईनं. काकू दर दोन दिवसांनी म्हणत, "अहो, तारीख बघा," आणि काका दर दोन दिवसांनी म्हणत, "आधी त्यांना उत्तर देऊ दे!"

चार पत्रांची मिळून अकरा पानं झाली. त्यांत कंपनीची लाज काढली होती, तपासनिसाची अक्कल काढली होती, करार लिहिणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंत उजळणी केली होती. गाडी विकत घ्यायची आहे, असं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तीस दिवसांची तारीख उलटली. मुदत संपली त्या मंगळवारी ट्रक आला आणि गाडी घेऊन गेला. काका हल्ली बसनं कामाला जातात.